आठशे फोटो उघडले, पुढचे तीनशे का उघडत नाहीत?

फलटणहून एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे:

"ताई, नोकरीच्या पहिल्या वर्षात साठवलेल्या पैशांतून मी सेकंडहँड कॅमेरा घेतला, २४ मेगापिक्सेलचा. कार्ड ऑनलाइन मागवलं, ५१२ जीबीचं, ४५० रुपयांत. मामेबहिणीच्या साखरपुड्याचे सगळे फोटो मीच काढले, ११०० तरी असतील. घरी येऊन लॅपटॉपला लावलं तर पहिले ८०० नीट आहेत. नंतरच्या एका फोटोचा फक्त वरचा पट्टा दिसतो, खाली सगळं राखाडी. त्याच्यापुढच्या सगळ्या फोटोंची नावं दिसतात, तारीख-वेळ दिसते, पण फोटो उघडत नाहीत. अंगठी घालतानाचे सगळे त्यातच गेले. मामी एका शब्दाने बोलली नाही, पण मला तिच्यासमोर जायला नको वाटतं. तुळशीचं लग्न झालं की मामेबहिणीचं लग्न आहे आणि फोटो मीच काढावेत असं ती अजूनही म्हणते. ते फोटो परत मिळतील का? आणि आता कार्ड कोणतं घेऊ? दुकानात पाहिलं तर यू३, व्ही३०, ए२, दोनशे एमबी असं काय काय लिहिलेलं. बाबांच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात नवं कार्ड घातलं की 'कार्ड एरर' येतं, ते का?"

आधी एक काम कर. ते कार्ड अजून कॅमेऱ्यातच असेल तर बाहेर काढ. चांगले ८०० फोटो लॅपटॉपवर आणि शिवाय आणखी एका ठिकाणी उतरवून घे. मग कार्ड एका पाकिटात घालून वर 'वापरू नये' असं लिही. फेकू नकोस, तक्रार करायला लागेल. पण त्याच्यावर यापुढे एकही फोटो काढायचा नाही.

आता त्या तीनशे फोटोंचं. तुला खोटी आशा दाखवायची नाही मला. ते परत मिळणार नाहीत, कारण ते कार्डावर कधी उतरलेच नाहीत.

हे मी कशावरून म्हणते? तुझ्या पत्रातल्या त्या एका राखाडी फोटोवरून. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातला चांगल्या दर्जाचा जेपेग, म्हणजे नेहमीची फोटो फाइल, साधारण ९ एमबीचा होतो. ८०० गुणिले ९ म्हणजे ७,२०० एमबी, सव्वासात जीबीच्या आसपास. थोडी जागा नोंदींसाठी जाते. म्हणजे तुझ्या '५१२ जीबी' कार्डाच्या आत खरी चिप ८ जीबीची असणार. ज्या फोटोचा वरचा पट्टा आला आणि खाली राखाडी झालं, तिथे ती चिप संपली. फोटोचा तेवढाच भाग मावला.

मग कॅमेऱ्याने 'कार्ड फुल' का सांगितलं नाही? प्रत्येक कार्डात साठवणाऱ्या चिपखेरीज एक छोटा कंट्रोलर असतो. कॅमेरा चिपशी बोलत नाही, तो या कंट्रोलरशी बोलतो. बनावट कार्ड करणारे लोक त्या कंट्रोलरला 'मी ५१२ आहे' असं सांगायला लावतात. धान्याच्या कोठारावर एक लबाड मुनीम बसवावा, त्याने येणारं प्रत्येक पोतं वहीत नोंदवून घ्यावं आणि कोठार भरल्यावर पुढची पोती मागच्या दाराने बाहेर टाकावीत, तसं हे. वही कोठाराच्या पहिल्याच खोलीत असते, म्हणून ती शाबूत राहते. तुला फोटोंची नावं, तारीख, वेळ दिसते ती त्या वहीतली. पोतं मात्र आत नाही.

तुला हे तिथल्या तिथे कळलं नाही, यात तुझा काही दोष नाही. शटर दाबल्यावर मागच्या पडद्यावर जो फोटो क्षणभर दिसतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतून आलेला असतो. कार्डावर तो पोचला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. मागे जाऊन फोटो उघडून पाहिला तरच कळलं असतं, आणि साखरपुड्याच्या गडबडीत ते कोण करतं? हे मामीलाही सांग. तिच्यापुढे जायचं टाळू नकोस. तुला फसवलं गेलं आहे, तू निष्काळजीपणा केलेला नाहीस.

फोटो जाण्याचा दुसराही एक प्रकार असतो आणि त्यात मात्र आशा असते. तो मला माझ्याच हाताने कळला. एका मुंजीची ऑर्डर होती. मातृभोजनाचे फोटो ज्या कार्डावर होते ते उतरवून झालं आहे अशा समजुतीत मी ते कॅमेऱ्यात घातलं आणि फॉरमॅट मारलं. दोन मिनिटांनी पिशवीत दुसरं, रिकामं कार्ड हाताला लागलं आणि हातपाय गार पडले. त्या क्षणी एकच गोष्ट बरोबर केली: कार्ड लगेच बाहेर काढलं, त्यावर नवा फोटो काढला नाही. साध्या फॉरमॅटने फक्त ती नोंदवही कोरी होते, पोती जागच्या जागी असतात, त्यांच्यावर नवा माल पडेपर्यंत. फोटोरेक नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ते वही न बघता थेट कोठारात शिरून फोटो ओळखून काढतं. फोटो मिळाले. नावं गेली, क्रम गेला, बटूची हळद आणि भिक्षावळ एकमेकांत मिसळली, पण आईच्या ताटातला तो घास मिळाला. असं तुझ्या बाबतीत कधी झालं तर घाबरून काही करत बसू नकोस. कार्ड बाहेर काढून ठेवायचं, एवढंच.

आता नवं कार्ड. दुकानातल्या त्या खुणा वाटतात तेवढ्या अवघड नाहीत. कार्ड हातात घे आणि माझ्याबरोबर वाच.

सगळ्यात ठळक अक्षरात छापलेला आकडा, तो दोनशे एमबी वगैरे, आधी डोळ्यांआड कर. तो सहसा कार्डावरून वाचण्याचा वेग असतो, म्हणजे फोटो लॅपटॉपवर उतरवतानाचा. शिवाय तो अनुकूल परिस्थितीतला, 'इथपर्यंत जाऊ शकेल' असा. कार्डावर रोमन एकची एक उभी रेघ दिसते, ती यूएचएस-वन या जातीची खूण. या जातीची ठरलेली मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. त्यावरचा वेग कंपन्या स्वतःच्या खास कार्ड रीडरवर मिळवतात, तुझ्या कॅमेऱ्यात तो मिळत नाही. तुला हवा लिहिण्याचा वेग, आणि तोसुद्धा कमीत कमी किती, सलग किती.

तो सांगणाऱ्या खुणा बारीक असतात. यू अक्षराच्या वाटीत ३ लिहिलेला असतो, किंवा व्ही अक्षरापुढे ३०. दोन्हीचा अर्थ एकच: हे कार्ड लिहिताना सेकंदाला ३० एमबीच्या खाली जाणार नाही. गोल सी मधले १०, यू मधला १, आणि व्ही१०, हे तिन्ही १० एमबीचा शब्द देतात. व्ही६० आणि व्ही९० म्हणजे ६० आणि ९०. तुला व्ही३० पुरे आहे, आणि का ते हिशेबानेच बघ. कॅमेऱ्याच्या मेनूत व्हिडिओपुढे १०० एमबीपीएस असं लिहिलेलं असेल तर ते मेगाबिट आहेत, त्यांना ८ ने भागायचं. साडेबारा एमबी. व्ही३० कार्ड त्याच्या दुपटीहून जास्त सांभाळतं. याच वेगाने तासाभराचा व्हिडिओ ४५ जीबी खातो, हेही लक्षात असू दे.

फोटोलाही लिहिण्याचा वेग कुठे लागतो? मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, हार पडतात. हे सगळं काही सेकंदांत होतं आणि तू शटर दाबून धरलेलं असतंस. कॅमेरा ते फोटो आधी स्वतःच्या पोटात घेतो आणि मग कार्डावर ओततो. कार्ड हळू असेल तर पोट भरतं, लाल दिवा लुकलुकत राहतो आणि शटर दाबलं जात नाही. नवरीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलेलं तेवढ्यात होऊन जातं. माझ्या मते व्ही३० साठी थोडे जास्त पैसे द्यायचे ते एवढ्यासाठी.

दुकानदार यूएचएस-टू दाखवेल. कार्ड उलटं कर, मागे सोनेरी पट्ट्यांची दुसरी रांग दिसली की ते यूएचएस-टू. ते छान असतं, पण कॅमेऱ्यालाही ती दुसरी रांग समजावी लागते. नाहीतर ते यूएचएस-वनच्याच वेगाने चालतं आणि पैसे वाया. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत यूएचएस-टू लिहिलेलं नसेल तर त्या नादाला लागू नकोस. आणि ए१, ए२ ही खूण फोनमध्ये किंवा हातातल्या गेमच्या यंत्रात कार्डावरून अॅप चालवायचं असेल तर बघायची. कॅमेऱ्याला तिचा काही उपयोग नाही.

फोनचं छोटं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून वापरू का, असं तुझ्या मनात येईल, कारण ते स्वस्तात मिळतं. अडीनडीला चालेल. लग्नाला नको. प्रत्येक अडॅप्टर म्हणजे सैल होऊ शकणारी आणखी एक जोडणी. पूर्ण आकाराचंच एसडी, म्हणजे कॅमेऱ्याचं नेहमीचं कार्ड, घे.

बाबांच्या कॅमेऱ्याचं दुखणं याच कुटुंबातलं आहे. १९९९ मध्ये एसडी कार्ड जाहीर झालं, ते २ जीबीपर्यंतच्या हिशेबाने. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ३२ जीबीपर्यंतचं. २००९ मध्ये एसडीएक्ससी, २ टीबीपर्यंतचं. तिन्ही दिसायला सारखीच, एकाच खाचेत बसतात. नवा कॅमेरा जुनं कार्ड वाचतो, जुन्या कॅमेऱ्याला मात्र नव्या कार्डाची भाषा येत नाही. कॅमेऱ्याच्या खाचेजवळ किंवा तळाशी कोणतं चिन्ह छापलं आहे ते बघ. नुसतं एसडी असेल तर २ जीबीचंच कार्ड लागेल. ती आता दुकानात सहज मिळत नाहीत, पण घरातल्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये २ जीबीचं मायक्रोएसडी पडलेलं असतं. इथे मात्र अडॅप्टर लावून ते खुशाल चालव. बाबांना अंगणातले फोटो काढायला तेवढं भरपूर झालं.

किती जीबीचं घ्यायचं? मी सांगेन, ६४ जीबीची तीन. एक २५६ चं घेऊन निवांत राहावं असं वाटतं, आणि खूप जण तसंच करतात. पण तुझ्या कॅमेऱ्यात कार्डाची एकच खाच असेल तर सगळं लग्न एका कार्डाच्या भरवशावर राहतं. अस्सल कार्डही कधी करप्ट होतं, हरवतं, धुवायला टाकलेल्या कुर्त्याच्या खिशात जातं. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवलेस तर एका फोटोला ३५ ते ४० एमबी लागतात. ६४ जीबीत असे दीड हजारांवर फोटो बसतात. नुसते जेपेग काढलेस तर सात हजार. हळद आणि सीमांतपूजन एका कार्डावर, मुहूर्त ते सप्तपदी दुसऱ्यावर, जेवणावळ आणि पाठवणी तिसऱ्यावर. कार्ड भरलेलं नसलं तरी विधी संपला की बदलायचं. कार्ड भर मुहूर्तात भरलं आणि खिशात बोटं घालून दुसरं शोधत बसलीस, असं होता कामा नये.

खरेदी कुठे? सॅनडिस्क, सोनी, लेक्सर, किंग्स्टन, सॅमसंग, यांतलं कोणतंही व्ही३० कार्ड तुझं काम करेल. कोणती कंपनी, यापेक्षा कोणाकडून घेतेस याला महत्त्व आहे, कारण बनावट कार्डांवर नाव नामांकित कंपन्यांचंच छापलेलं असतं. ज्या दुकानातून लग्नाचे फोटोग्राफर माल उचलतात तिथे जा. पक्कं बिल घे, वॉरंटीसाठी ते लागतं. पाकिटावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा क्रमांक असलाच पाहिजे, तसा कायदाच आहे. ऑनलाइन घ्यायचं झालं तर विक्रेत्याचं नाव उघडून तो कंपनीचा अधिकृत विक्रेता आहे का ते पाहून घे. आणि भाव बाजारभावाच्या पाव पटीत दिसला की तिथून उठायचं. ५१२ जीबी ४५० रुपयांत कोणालाच परवडत नाही.

एवढं करूनही नवं कार्ड तपासल्याशिवाय लग्नाला न्यायचं नाही. हे मी हट्टाने सांगते. विंडोज लॅपटॉप असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. ते कार्ड काठोकाठ भरतं, मग भरलेलं सगळं परत वाचून जुळवून पाहतं. कार्ड रिकामं असताना हे करायचं. ६४ जीबीला रीडरप्रमाणे तास-दीड तास लागेल. रात्री जेवायला बसताना लाव. सॉफ्टवेअर नको असेल तर साधा उपाय: मोठे व्हिडिओ भरून कार्ड पूर्ण भर, बाहेर काढ, परत लाव आणि पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे व्हिडिओ मधून आणि शेवटून चालवून बघ. चालले तर कार्ड खरं. नाही चालले तर त्याच दिवशी बिलासकट परत. आणि ही तपासणी लग्नाच्या आदल्या रात्री नको, दोन आठवडे आधी कर, म्हणजे बदलून घ्यायला वेळ राहील. तपासून झालं की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट कर, लॅपटॉपवर नको. कॅमेरा स्वतःला सोयीची मांडणी करून घेतो.

लग्नाच्या दिवसासाठी एक सवय लावून घे. कार्ड समोर धर, सोनेरी पट्ट्यांची बाजू वर आणि मागे. डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी असते. ती खाली ओढली की कार्ड लॉक. कॅमेऱ्यातून कार्ड बाहेर आलं की आधी ती पट्टी खाली, मग डबीत उलटं. डबीत सुलटं कार्ड म्हणजे कोरं, उलटं म्हणजे भरलेलं. त्या मुंजीनंतर मी आजवर यात चुकले नाही. चुकून लॉक केलेलं कार्ड कॅमेऱ्यात गेलंच तर कॅमेरा फोटो काढायला नकार देतो आणि तुला जाग येते. लाल दिवा लुकलुकत असताना मात्र झाकण उघडायचं नाही.

त्याच रात्री, कितीही दमलेली असलीस तरी, तिन्ही कार्डं लॅपटॉपवर आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरव. दोन्ही ठिकाणी प्रत्येक कार्डाचा पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून बघ. अल्बम मामीच्या हातात पडेपर्यंत कार्डं फॉरमॅट करू नकोस. आणि अल्बम झाल्यावर कार्डं कपाटात ठेवून 'फोटो आहेत' असं समजू नकोस. चिपमधला विद्युतभार वर्षानुवर्षं पडून राहिला की हळूहळू गळतो. जपून ठेवायची जागा हार्ड डिस्क, आणि एक नाही, दोन.

राहिली अंगठी. तुझ्या कॅमेऱ्यातले ते फोटो गेले, पण अंगठी घालताना तिथे निदान वीस फोन वर झाले असतील. लोक जागा करायला फोन रिकामे करत असतात, म्हणून हे आजच कर. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिही की अंगठी घालतानाचे फोटो आणि व्हिडिओ ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. नेहमीसारखे पाठवले की व्हॉट्सअॅप ते दाबून बारीक करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवले की मूळ फाइल येते. व्हिडिओ आवर्जून माग. कोणी फोरके व्हिडिओ घेतला असेल तर त्यातली एकेक फ्रेम ८ मेगापिक्सेलची असते, अल्बमच्या पानाला पुरेशी. साधा फुल एचडी असला तरी फ्रेम २ मेगापिक्सेलची, त्यातून चार बाय सहाची प्रिंट चांगली निघते. व्हिडिओ सावकाश पुढे सरकवत जा, अंगठी बोटात जाते आणि दोघं वर बघतात ती फ्रेम थांबवून काढ. ती प्रिंट घेऊन तू स्वतः मामीकडे जा.